शाखा बदलण्याचा हक्क कोणाला?

गेल्या महिन्यात धारूर तालुक्यातील एक डॉक्टर मुलगी आईला सोबत घेऊन माझ्या कचेरीत आली. आई-वडिलांनी वीस-बावीस वर्षे कोयता चालवून तिला शिकविले. ती एमबीबीएस झाली, प्राथमिक आरोग्य केंद्रातील बाँडची नोकरी तिने पुरी केली आणि पुढे एम.डी. झाली. परंतु तिची एम.डी. ज्याला डॉक्टर मंडळी पीएसएम म्हणतात, त्या रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्रातील आहे. आता तिला पुन्हा प्रवेश परीक्षा देऊन, पुन्हा तीन वर्षे रेसिडेन्सी करून स्त्रीरोगतज्ज्ञ व्हायचे आहे. "दादा, कुठं अडेल तेवढं सांगा," एवढेच तिचे म्हणणे होते. आई मात्र दुसरेच बोलत होती. "मोठी डॉक्टर झाली म्हनतेत, मंग हिचे पेशंट कुठं हायेत?"

वस्तीत या मुलीच्या निर्णयावर बरीच चर्चा झाली म्हणतात. एकदा शिकून पोट भरले नाही काय, असे म्हणणारे आहेतच. पण ज्यांचे बोलणे मला जास्त लागले ते आपलेच कार्यकर्ते आहेत. एक राखीव जागा हिने घेतली, आता दुसरी घेणार, मग मागच्या पोराने काय करायचे, असा त्यांचा सवाल आहे. सवाल चुकीचा नाही. त्याचे उत्तर दिल्याशिवाय हा लेख पुरा करता येणार नाही, म्हणून तो येथेच नोंदवून ठेवतो आणि पुढे जातो.

पहिली गोष्ट अशी की, शाखा निवडली जाते हे वाक्यच आपल्या मुलांच्या बाबतीत खोटे आहे. ज्याच्या बापाचा बीडमध्ये किंवा लातुरात दवाखाना आहे, ज्याला दोन वर्षे घरी बसून क्लास लावता येतो, तो मनासारखी ब्रँच मिळेपर्यंत थांबतो. रेडिओलॉजी मिळाली नाही तर पुढच्या वर्षी. आमच्या मुलीच्या घरी पुढचे वर्ष नसते. धाकट्या भावाची फी असते, मुकादमाची उचल असते, बहिणीचे लग्न असते. मेरिट लिस्ट खाली सरकत सरकत शेवटच्या फेरीत जी जागा येईल ती पदरात पाडून घ्यावी लागते. अॅनाटॉमी, बायोकेमिस्ट्री, पीएसएम या शाखा त्या शेवटच्या फेरीत शिल्लक असतात. त्या शाखा हलक्या आहेत असे मी मुळीच म्हणणार नाही, त्याबद्दल पुढे लिहितोच. पण नाइलाजाने घेतलेल्या जागेला निवड म्हणायचे आणि नंतर तूच तर निवडली होतीस असे सुनवायचे, हा व्यवस्थेचा जुना खेळ आहे.

आणि हा खेळ सुरू होऊन फार दिवसही झालेले नाहीत. पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशाचा अखिल भारतीय कोटा १९८६ पासून सुरू झाला. त्यात अनुसूचित जाती-जमातींना आरक्षण लागू झाले ते २००७ मध्ये, अभय नाथ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाचा आदेश झाल्यावर. म्हणजे सुमारे वीस वर्षे देशभरातील तज्ज्ञ डॉक्टर घडविणाऱ्या या जागांवर आपल्यासाठी एकही जागा राखीव नव्हती. ओबीसींना २७ टक्के मिळण्यासाठी २०२१ उजाडले, आणि त्यावरही २०२२ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने नील ऑरेलिओ न्यून्स प्रकरणात शिक्कामोर्तब केले तेव्हाच वाद मिटला. गुणवत्ता म्हणजे केवळ एका परीक्षेतील गुण नव्हेत, हे त्या निकालात आहे. ज्यांना गुणवत्तेची फार काळजी असते त्यांनी २०२३ चा सप्टेंबर आठवावा. जागा रिकाम्या राहतात म्हणून नीट-पीजीची पात्रता त्या वर्षी सर्व प्रवर्गांसाठी, खुल्या प्रवर्गासाठीसुद्धा, शून्य पर्सेंटाइलवर आणली गेली. त्या वेळी गुणवत्तेचा खून झाला म्हणून छाती पिटणारे किती जण रस्त्यावर आले?

आता कायद्याकडे वळू. सरकारी महाविद्यालयात शिकलेल्या डॉक्टरला दोन प्रकारचे बाँड लिहून द्यावे लागतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. एक सेवेचा बाँड, शिक्षण झाल्यावर अमुक काळ सरकारी दवाखान्यात नोकरी करीन असा. महाराष्ट्रात त्याच्या भंगाची रक्कम वर्षानुवर्षे एमबीबीएसला १० लाख आणि पदव्युत्तरला ५० लाख ठरलेली होती. दुसरा जागा सोडण्याचा बाँड, म्हणजे घेतलेली रेसिडेन्सी मध्येच सोडली तर दंड. निरनिराळ्या राज्यांत त्याचे निरनिराळे आकडे आहेत.

सेवेच्या बाँडबद्दल माझी काहीच तक्रार नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९ ऑगस्ट २०१९ च्या निकालात तो वैध ठरविला, आणि जनतेच्या पैशावर शिकलेल्याने काही वर्षे जनतेला द्यावीत हे न्यायाचेच आहे. आपली मुले तो बाँड इमानाने पुरा करतात, कारण १० लाख रुपये फेकून सुटका विकत घेण्याची त्यांची ऐपतच नसते. पैसेवाला पैसे भरतो आणि मोकळा होतो. त्यामुळे खेड्यातील दवाखान्यात बाँडवर कोण दिसतो आणि कोण दिसत नाही हे कोणीही जाऊन पाहावे.

जागा सोडण्याच्या बाँडचे मात्र तसे नाही. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे करारात कितीही रक्कम लिहिलेली असली तरी कोर्ट फक्त वाजवी भरपाई देते, लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते. याला एक अपवाद त्याच कलमात आहे. कायद्याखाली किंवा सरकारच्या आदेशाने सार्वजनिक कर्तव्य पार पाडण्यासाठी बाँड लिहून दिला असेल तर तो मोडणाऱ्याला पूर्ण रक्कम भरावी लागते. दंडाची पूर्ण रक्कम मागताना सरकारी बाजूला या अपवादाचा मोठा आधार असतो. सेवेच्या बाँडला तो लागू शकेल. पण पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटने ही शाखा मला झेपत नाही म्हणून जागा सोडली तर त्यात कोणते सार्वजनिक कर्तव्य मोडले? तो तर विद्यार्थी आहे. हा मुद्दा आमच्या वकील मित्रांनी कोर्टात नेटाने लावून धरला पाहिजे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने स्वतःच २०२४ च्या जानेवारीत राज्यांना कळविले की हा जबर दंड रद्द करण्याचा विचार करा, त्याऐवजी हवे तर एक वर्ष त्या राज्यात प्रवेश देऊ नका. विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याचा प्रश्न संसदेपर्यंत गेल्यावर हे शहाणपण आले.

मानसिक आरोग्य हा शब्द सभ्य आहे. त्याच्या पोटात काय असते ते डॉ. पायल तडवी यांच्या मृत्यूने देशाला दाखविले. जळगाव जिल्ह्यातील आदिवासी तडवी समाजाची ही मुलगी मुंबईच्या नायर रुग्णालयात स्त्रीरोग विभागात दुसऱ्या वर्षाची रेसिडेंट होती. २२ मे २०१९ रोजी तिने जीवन संपविले. तीन वरिष्ठ निवासी डॉक्टरांवर जातीवरून छळ केल्याचा गुन्हा दाखल झाला. आरोपांचा निवाडा न्यायालय करील, त्यावर मी बोलणार नाही. मला वेगळाच मुद्दा मांडायचा आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्याला एका महाविद्यालयातून दुसऱ्या महाविद्यालयात बदली मिळत नाही, असा केंद्रीय नियमच आहे. मग विभागातील छळाला कंटाळलेल्या मुलीपुढे वाट कोणती उरते? सहन करणे, नाही तर जागा सोडून, दंड भरून, पुन्हा पहिल्यापासून प्रवेश परीक्षा देणे. शाखा बदलू पाहणारा प्रत्येक जण लहरी नसतो. पुष्कळदा त्याला शाखा नव्हे, तो विभाग सोडायचा असतो. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तीन आरोपी डॉक्टरांना त्याच ठिकाणी परत जाऊन उरलेले शिक्षण पूर्ण करण्याची मुभा दिली. आरोपीलाही शिक्षणाचा हक्क आहे हे मला वकील म्हणून मान्य आहे. मग जिच्यावर अन्याय होतो तिला तो हक्क दुसऱ्या महाविद्यालयात बजावता येईल अशी तरतूद नियमात का नसावी?

आमच्या मुलीची गोष्ट यापेक्षा वेगळी आहे. तिने जागा सोडली नाही, तीन वर्षे पुरी केली, पदवी घेतली. तिला दंड नाही. तिची अडचण दुसऱ्या ठिकाणी आहे, आणि ती बहुतेकांना ठाऊकच नसते. भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या नियमांत वर्षानुवर्षे एक अट राहिली आहे, की एक टप्पा पार केल्यावर त्याच टप्प्यावर दुसरा विषय घेऊन शिकणाऱ्याला शिष्यवृत्ती मिळणार नाही. एका विषयात एम.ए. झाल्यावर दुसऱ्या विषयात एम.ए. करणाऱ्याचे उदाहरण त्यात दिलेले असते. म्हणजे दुसरी रेसिडेन्सी करायची तर फी स्वतःच्या खिशातून. ज्याच्याकडे आहे त्याने दुसऱ्यांदा शिकावे, ज्याच्याकडे नाही त्याने पहिल्या चुकीवर आयुष्य काढावे, असाच याचा अर्थ होतो.

सरकार म्हणेल, एकाच माणसावर दोनदा पैसा का खर्च करायचा? अमेरिकेतही हा प्रश्न आहे. तेथे रेसिडेंटच्या प्रशिक्षणाचा खर्च मेडिकेअर या सरकारी योजनेतून रुग्णालयाला मिळतो. पहिल्या शाखेला जितकी वर्षे लागतात तितकी वर्षे तो पूर्ण धरला जातो. त्यानंतर कोणी दुसरी शाखा घेतली तर प्रत्यक्ष प्रशिक्षणाच्या पैशासाठी तो रेसिडेंट अर्धाच मोजतात. दार लहान केले, पण बंद केले नाही. आपल्या सरकारलाही गरज पडली तेव्हा हे सुचले आहे. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात साध्या एमबीबीएस डॉक्टरला सुरुवातीला १८ आठवड्यांचे प्रशिक्षण देऊन भूल द्यायला शिकविले, १६ आठवड्यांत सिझेरियन शिकविले. खेड्यात तज्ज्ञ मिळत नव्हते म्हणून केले, आणि योग्यच केले. मग तीन वर्षे रीतसर शिकू पाहणाऱ्या डॉक्टरकडेच पैशाचा हिशेब का मागायचा?

बीड जिल्ह्याला या हिशेबाची किंमत मोजावी लागली आहे. २०१९ मध्ये ऊसतोड करणाऱ्या महिलांच्या गर्भाशयाच्या पिशव्या काढल्याचे प्रकरण देशभर गाजले. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. शंभरात जवळपास सतरा. त्यात आपल्या वस्तीतल्या किती, वंजारी किती, मराठा किती, याचा हिशेब मी करीत बसत नाही. कोयत्याला जात नसते असे म्हणतात, ते अर्धेच खरे आहे. पण पिशवी सगळ्यांचीच गेली. अंगावरून पांढरे जाते, पोट दुखते, खाडा पडला की मुकादम पैसे कापतो, म्हणून बाई जवळच्या खाजगी दवाखान्यात जायची आणि कॅन्सर होईल ही भीती घेऊन पिशवी काढून यायची. पंचविशी-तिशीतल्या बायका. त्यांना दुसरे मत द्यायला, औषधाने बरे होईल बाई, असे सांगायला सरकारी दवाखान्यात स्त्रीरोगतज्ज्ञ कुठे होता? प्रकरण बाहेर आल्यावर जिल्हा प्रशासनाने खाजगी दवाखान्यांना जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीशिवाय पिशवी काढू नका असे बजावले. परवानगीचा कागद आला, पण तपासणारे हात तेवढेच राहिले.

पीएसएमबद्दल लिहायचे राहिले होते ते येथे लिहितो. ८२,३०९ हा आकडा घरोघर जाऊन, बायकांना विचारून तयार झाला. असे मोजणे हेच पीएसएमचे शास्त्र आहे. ते मोजले नसते तर प्रकरण चार बातम्यांत विरून गेले असते. म्हणून ती शाखा हलकी नाही, आणि आमच्या मुलीची तीन वर्षेही वाया गेलेली नाहीत. ती मला म्हणाली की एमबीबीएसनंतर आरोग्य केंद्रात असताना तिच्या टेबलासमोर रोज अशा बायका बसायच्या. तिला तपासता यायचे, चिठ्ठी लिहून अंबाजोगाईला पाठविता यायचे. किती जणी अंबाजोगाईला पोहोचल्या आणि किती वाटेतल्या खाजगी दवाखान्यात उतरल्या, ते कळायचे नाही. पुढे एम.डी. करताना तेच आकडे तिने तक्त्यात भरले. कोणत्या गावात, कोणत्या वयात, कोणत्या कारणाने हे होते हे ज्या डॉक्टरला ठाऊक आहे, तिलाच उद्या तपासणीही करता आली आणि शस्त्रक्रियाही टाळता आली, तर बीडला यापेक्षा जास्त उपयोगी डॉक्टर कोण मिळणार?

आता कार्यकर्त्यांचा सवाल. राखीव जागा एकदा घेतली, दुसऱ्यांदा कशी? माझे मत स्पष्ट आहे आणि ते आमच्या मुलीलाही मी सांगितले. पहिल्यांदा येणाऱ्याचा हक्क आधी. एकाच प्रवर्गात पहिल्यांदा पदव्युत्तर प्रवेश मागणारा उमेदवार असेल तर जागा त्याला मिळाली पाहिजे, आणि पदवी हातात असलेल्याचा विचार त्याच्यानंतर, उरलेल्या जागांवर व्हावा. असा क्रम नियमात लिहून घेण्याची मागणी आपणच केली पाहिजे. नाही तर आपल्यातलेच पुढे गेलेले घर दोनदा जेवेल आणि मागचे उपाशी राहील. मात्र उरलेल्या जागांवरसुद्धा तिला येऊ द्यायचे नाही, हे मला मान्य नाही. आणि जी डॉक्टर शाखा बदलून जिल्ह्यात कमी असलेल्या शाखेत जाते, तिची फी सरकारने भरावी, बदल्यात पाच वर्षे त्याच जिल्ह्यातील सरकारी रुग्णालयात सेवा घ्यावी. पैशाचा बाँड नको, सेवेचा असू द्या. त्वचारोग किंवा रेडिओलॉजीत उडी मारून पुण्यात सोनोग्राफी सेंटर टाकणाऱ्याला मात्र ही सवलत नको. त्याने आपल्या पैशाने खुशाल शाखा बदलावी.

या मागणीला बाँड मोडण्याची भाषा म्हणून कोणी नाके मुरडतील. त्यांनी बाबासाहेबांचे विद्यार्थीजीवन पाहावे. १९१३ मध्ये बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती घेताना बाबासाहेबांनी शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार लिहून दिला होता. कोलंबियात अर्थशास्त्र केले, मग लंडनला जाऊन अर्थशास्त्राबरोबर बॅरिस्टरीलाही नाव घातले. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्ध्यावर टाकून परतावे लागले. करारानुसार ते बडोद्यात नोकरीला गेले. तेथे एका अस्पृश्याला डोके टेकायला जागा कोणी दिली नाही. पारशी धर्मशाळेतून त्यांना काठ्या घेऊन बाहेर काढले. काही आठवड्यांतच बडोदा सोडावे लागले. दहा वर्षांचा करार त्यांनी मोडला की बडोद्याने मोडायला लावला, याचे उत्तर प्रत्येकाने आपल्या मनाशी द्यावे. लंडन विद्यापीठाने मात्र एक गोष्ट केली. चार वर्षांच्या आत परत येऊन शिक्षण पुरे करण्याची परवानगी त्यांना दिली. जागा गेली नाही, दंड झाला नाही. सिडनहॅममध्ये प्राध्यापकी करून पैसे जमविले, शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना यांच्याकडून पाच हजार उसने घेतले आणि १९२० मध्ये बाबासाहेब पुन्हा लंडनला गेले. १९२२ मध्ये बॅरिस्टर झाले, १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळाली. अर्थशास्त्रज्ञ कायद्याकडे वळला म्हणून देशाच्या पैशाची नासाडी झाली असे आज कोणी म्हणेल काय?

चार वर्षे जागा राखून ठेवण्याची ती सोय शंभर वर्षांपूर्वी परदेशी विद्यापीठाने एका परक्या विद्यार्थ्याला दिली. आपल्या आरोग्य विद्यापीठाला आणि आयोगाला आपल्याच देशातील विद्यार्थ्यासाठी निदान पहिल्या सहा महिन्यांत त्याच महाविद्यालयात रिकामी असलेली दुसरी शाखा घेण्याची मोकळीक देता येत नाही काय? जागा रिकाम्या ठेवायच्या, पात्रता शून्यावर आणायची, पण आत आलेल्या विद्यार्थ्याला या खोलीतून त्या खोलीत जाऊ द्यायचे नाही, हा कुठला कारभार आहे? जिल्ह्यातील लोकप्रतिनिधींनी हा प्रश्न विधिमंडळात विचारावा. ऊसतोड कामगारांच्या नावाने मते मागताना त्यांना कोयता आठवतो, त्याच कोयत्याच्या लेकीच्या शाखेचा प्रश्न आहे हा.

मुलीला मी कागदांची यादी करून दिली. जात वैधता प्रमाणपत्र, बाँड पुरा केल्याचा दाखला, एम.डी.ची पदवी. शिष्यवृत्तीच्या अटीविरुद्ध समाजकल्याण खात्याकडे आधी अर्ज करू, नकार लेखी आला की खंडपीठात जाऊ, असे ठरले. उठताना आईने विचारले, "अजून किती वर्सं?"

तीन, मी म्हणालो.

तिने बोटांवर मोजले. "म्हंजी अजून तीन खेपा कारखान्याला जावं लागंल. जाऊ."